ठराव अंडी पडण्याआधीचा करा

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्रामसभेचे मतदार,
महाराष्ट्रातल्या ज्या गावांत 'पक्ष्यांचा बंदोबस्त' हा विषय ग्रामसभेपुढे येऊ घातला आहे, त्या सर्वांना

विषय : घर, गोठा, खळं आणि विहीर यांच्याभोवती होणाऱ्या पक्ष्यांच्या त्रासाबाबत करायचा ठराव

महोदय, महोदया,

पारव्यांनी गोठ्याचे वासे पांढरे केले, चिंचेवरच्या बगळ्यांमुळे अंगणात बसवत नाही, मोर भुईमूग उकरतात, शाळेच्या वाटेवर कावळा मुलांच्या डोक्यावर झेपावतो. अशा चार तक्रारी एकत्र आल्या की ग्रामसभेत विषय निघतो आणि ठरावाचं वाक्य ठरलेलं असतं : "सदर पक्ष्यांचा कायमस्वरूपी बंदोबस्त करण्यात यावा." सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. बंदोबस्त म्हणजे नेमकं काय, हे मात्र त्यात कुठेच नसतं. मग कुणी फांद्या उतरवतो, कुणी ज्वारीला औषध चोळून टाकतो, कुणी एअरगन आणतो, आणि प्रत्येकाच्या खिशात ठरावाची नक्कल असते. वन्यजीव कायद्यात गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही गुन्हेगाराइतकीच शिक्षा आहे (कलम ५२). त्यामुळे ती नक्कल त्या माणसाला वाचवत नाही, ज्यांनी सही केली त्यांना मात्र गोवते.

हे पत्र ठराव करू नका म्हणून लिहिलेलं नाही. ठराव जरूर करा, पण तो अंडी पडण्याआधीच्या कामांचा करा. घरट्यात अंडं नाही तोवर घरमालकाच्या हातात जवळजवळ सगळं आहे : भोक बुजवणं, जाळी लावणं, दाणे झाकणं, परवानगीने फांदी कमी करणं. अंडं पडलं की त्यातलं बहुतेक हातातून जातं, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार लांबरुंद आहे. मारणं, पकडणं, विष घालणं, फासे लावणं तर त्यात येतंच, पण वन्य पक्ष्याच्या अंड्यांना इजा करणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही त्यात येतं. म्हणजे फांदी तोडताना बगळ्याची पिल्लं खाली पडली, तर कायद्याच्या भाषेत ती शिकार झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या रुंदीकरणासाठी घरटी असलेलं झाड पाडलं, बगळे आणि पाणकावळ्यांची पिल्लं मेली आणि वनविभागाने गुन्हा नोंदवला. रस्त्याचं काम सरकारी होतं, म्हणून सूट मिळाली नाही.

ग्रामसभेत हमखास येणाऱ्या दोन गैरसमजांचा निकाल आधीच लावलेला बरा. "कावळा उपद्रवी यादीत आहे, तो मारला तर चालतो" हा पहिला. तशी यादी होती, जुनी अनुसूची ५. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झालं. आता एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचं असेल तर कलम ६२ खाली केंद्र सरकारला अधिसूचना काढावी लागते, तीही ठरावीक भागापुरती आणि ठरावीक मुदतीसाठी. ग्रामपंचायत, तहसीलदार, जिल्हा परिषद यांपैकी कुणालाही तो अधिकार नाही. जुन्या याद्यांत पारव्याला जी सवलत होती तिच्यावरही विसंबू नका. याद्या मुळापासून नव्याने लिहिल्या गेल्या आहेत, त्यांची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात बघायला मिळते. आणि पक्षी कोणत्याही यादीत असो वा नसो, १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा त्याला लागू आहेच.

दुसरा गैरसमज परवानगीचा. "वनविभागाकडून परवाना काढू." अनुसूची २ मधल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. तरतूद कलम ११ मध्ये आहे. मोर मात्र अनुसूची १ मध्ये आहे आणि तिथे मालमत्तेचं नुकसान हे कारणच धरत नाहीत. मोराने अख्खा वाफा उकरला तरी त्याला मारायचा परवाना कायद्याने मिळूच शकत नाही, अर्ज कितीही नीट लिहिलेला असो. मोर मारल्याची शिक्षा तीन ते सात वर्षं आणि किमान २५,००० रुपये दंड. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी राज्याने परवान्याची जी वेगळी वाट काढली आहे, ती पक्ष्यांसाठी नाही. त्या शासन निर्णयाची झेरॉक्स ठरावाला जोडून उपयोग नाही.

आता मुद्द्याच्या कामांकडे. सुरुवात पारव्यापासून करू, कारण घराच्या तक्रारींत मोठा वाटा त्याचाच.

एक पारवा दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे खातो. शंभरांचा थवा म्हणजे रोज तीन किलो, महिन्याला जवळजवळ एक क्विंटल. हे दाणे तो शेतातून कमी आणि तुमच्या खळ्यातून, पशुखाद्याच्या फाटक्या पोत्यातून, पिठाच्या गिरणीपुढून जास्त उचलतो. थवा किती वाढेल हे दाण्यावर आणि भोकांवर ठरतं, मारून तो कमी होत नाही. पन्नास मारले तरी दाणा तसाच पडून असेल तर शेजारच्या गावचे पन्नास येऊन बसतात, आणि बाकीच्यांची वीण वर्षभर चालूच असते. शहरांचे कबुतरखाने आणि ते बंद करण्यावरून २०२५ मध्ये मुंबईत झालेलं रणकंदन सगळ्यांनी पाहिलं. गावात कबुतरखाना नसतो, पण गिरणीपुढचं सांडलेलं धान्य तेच काम करतं, फरक इतकाच की त्याचं पुण्य कुणाच्या नावे लागत नाही.

मादी दोन अंडी घालते, सतरा-अठरा दिवस उबवते, पिल्लू आणखी महिनाभराने उडतं. म्हणजे एका घरट्याला सुमारे सात आठवडे लागतात. अडचण अशी की पहिली पिल्लं उडण्याआधीच मादी पुढची अंडी घालते, बऱ्याचदा शेजारच्याच भोकात. म्हणून "सगळी घरटी रिकामी होऊ देत, मग बुजवू" म्हणणारा वर्षभर वाटच बघत राहतो. काम करायचं ते असं : आधी रिकामी भोकं बुजवा, अंडी-पिल्लं असलेली तेवढीच ठेवा आणि त्यांवर लक्ष ठेवा.

भोक रिकामं आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. रात्री बघू नका. रात्री सगळेच पारवे आत असतात आणि काही कळत नाही. भर दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान बघा. नर आणि मादी पाळीने उबवतात. साधारण सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत नर बसतो, एरवी मादी. अंड्यांचं घरटं दिवसाही मोकळं राहत नाही. थवा चरायला गेलेला असताना एखादा पारवा वळचणीत गप्प बसून असेल, काठी आपटली तरी हलत नसेल, तर त्याच्याखाली अंडी आहेत. मोबाइल काठीला बांधून फोटो काढा म्हणजे शिडीवरून डोकं आत घालावं लागत नाही. घरट्यात पिवळे केसाळ गोळे दिसले तर ती पिल्लं. वाळलेल्या विष्ठेची कड आणि जुन्या काड्या एवढंच दिसलं तर ते भोक त्याच दुपारी बुजवून टाका.

फोटोत कधी भलतंच दिसतं. अंगठ्याएवढे काळपट, लांबट गोळे, मोडून पाहिले तर आत उंदराची हाडं आणि केस. ते पारव्याचं काम नव्हे, तिथे गव्हाणी घुबड राहतं. त्याची माळ्यावरची जागा बुजवू नका. गोदामातल्या उंदीर-घुशींवर तो बिनपगारी माणूस आहे, आणि त्याच्याबद्दलच्या भीतीला काही आधार नाही.

साहित्याबद्दल. षटकोनी कोंबडीजाळी लावू नका. ती स्वस्त पडते, पण पातळ तार गोठ्यातल्या अमोनियाने दोन पावसाळ्यांत गंजते आणि पारवा छाती लावून ती वाकवतो. अर्ध्या इंचाच्या चौकटीची, जस्ताचा मुलामा असलेली वेल्डमेश घ्या. भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच जास्त कापा, कडा आत दुमडा आणि वॉशर घालून स्क्रूने बसवा. नुसता खिळा वाशात सैल होतो. पत्र्याच्या नागमोडी कडेखाली जी पोकळी राहते तिला चार इंच रुंदीची जाळीची पट्टी नळ्यांच्या आकारात दाबून बसवावी. भोक पत्र्याने किंवा सिमेंटने गच्च बंद करण्याची घाई गोठ्यात करू नये. तिथली हवा बाहेर जायलाच हवी, नाहीतर पारवे जातात आणि वासरांना खोकला लागतो. कौलारू घरात आढ्याच्या दोन्ही टोकांना आणि वळचणीच्या पहिल्या रांगेखाली बघा, पारवा बहुधा तिथूनच शिरतो. एखादं सव्वा इंचाचं, म्हणजे ३२ मिलिमीटरचं भोक मुद्दाम ठेवलंत तर त्यातून चिमणी जाते. साळुंकीला आणि पारव्याला ते पुरत नाही.

ज्या कडेवर पारवे नुसते बसतात, घरटं करत नाहीत, तिथे उतरती फळी बसवा. ४५ अंशांपेक्षा जास्त उतार असेल तर त्यांचे पाय ठरत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या काट्यांच्या पट्ट्या अर्धवट लावल्या तर उलटंच होतं, काड्या अडकायला बरा आधार मिळतो आणि काट्यांतच घरटं तयार होतं. छतावरच्या सौर पॅनेलखाली तर त्यांना आयता मांडव मिळतो. तिथे पॅनेलच्या चौकटीला भोक पाडू नका, वॉरंटी जाते. चौकटीला चिमट्याने अडकणारी जाळीची झालर मिळते, ती लावा.

जाळ्यांबद्दल ठरावात एक ओळ हवीच. पारव्यासाठी ५० मिलिमीटरची, साळुंकीसाठी २८ ची, चिमणीसाठी १९ मिलिमीटरची नायलॉन जाळी लागते. जाळी ताणलेली हवी, बोटाने दाबली तर परत यायला हवी. ढिली जाळी हे पकडण्याचं साधन होतं आणि कायद्याला ते कळतं. जमिनीवर लोळणाऱ्या जाळीच्या टोकात धामण अडकते, म्हणून खालची कड दांडीला गुंडाळून ठेवावी. अडकलेला पक्षी ओढून काढायचा नाही. त्याच्यावर कापड टाका, डोळे झाकले की तो शांत होतो, मग कात्रीने धागा कापा.

साफसफाईची चूक सगळे करतात : पारवे गेल्याच्या आनंदात सुकलेली विष्ठा खराट्याने झाडतात. त्या धुळीतूनच फुप्फुसांचे आजार होतात. आधी भिजवा. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावच्या भाषेत टीसीएल, घालून ते पाणी हळू शिंपडा, अर्धा तास थांबा, मग फावड्याने खरवडून पोत्यात भरा. तोंडाला एन-९५ मास्क हवा. उपरणं किंवा रुमाल ती धूळ अडवत नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम करू नये.

पाण्याची टाकी आणि विहीर यांना वेगळा नियम लागत नाही, झाकण लागतं. टाकीचं झाकण वाऱ्याने उडालं की कठड्यावर पारवे बसतात आणि आत शिटतात. जलसुरक्षकाने हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल टाकलं तरी उघड्या टाकीत त्याचा असर टिकत नाही.

कावळ्याचा प्रश्न वर्षातून थोडेच दिवस असतो, पण बोभाटा त्याचाच जास्त. पितृपक्षात कावळा शिवावा म्हणून ताट घेऊन ताटकळणारे आपणच आणि मे महिन्यात त्याच्या नावाने ठराव मांडणारेही आपणच. आपल्याकडे कावळे साधारण एप्रिल ते जुलै घरटी करतात. पिल्लं उडायच्या बेतात असतात, त्या दोन-तीन आठवड्यांत नर-मादी खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर मागून झेपावतात. समोरून क्वचितच येतात. त्या वाटेवर एक पाटी लावा, मुलांनी छत्री उघडून जावं किंवा तेवढे दिवस दुसऱ्या बाजूने जावं, बस. घरटं उतरवलं तर गुन्हा तर होतोच, शिवाय जोडी पुन्हा तिथेच घरटं बांधते आणि त्रासाचे दिवस महिनाभराने लांबतात.

खरी काळजी विजेच्या खांबावरच्या घरट्याची करावी. कावळा हल्ली तारेचे तुकडे भरपूर वापरतो. बांधकामाची बांधणीतार त्याच्या विशेष आवडीची. ती दोन तारांमध्ये आली की वळवाच्या पहिल्या सरीत शॉर्टसर्किट होतं. मान्सूनपूर्व कामं एप्रिल-मे महिन्यांत निघतात आणि नेमकी तेव्हाच घरटी भरलेली असतात. ही पाहणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करून घ्यावी आणि जुनी, रिकामी घरटी तेव्हाच उतरवावी, असं पत्र पंचायतीने महावितरणला द्यावं. खांबावरचं घरटं बांबूने कुणीही खाजवायचं नाही, वीज बंद असल्याचं वायरमनने सांगितल्याशिवाय तर मुळीच नाही. बांधकामावरचे तारेचे तुकडे रोज गोळा करायला लावणं हे मात्र पंचायतीच्या हातात आहे, आणि त्याला वनविभागाची परवानगी लागत नाही.

बगळ्यांच्या वसाहतीचा विषय सगळ्यात नाजूक. गायबगळा, ढोकरी, रातबगळा, छोटा पाणकावळा हे सगळे एकाच चिंचेवर किंवा वडावर घरटी करतात, सहसा जून ते सप्टेंबर. झाड घराला लागून असेल तर चार महिने अंगण वापरता येत नाही. मासळीचे तुकडे, विष्ठा, पडलेली पिल्लं, माश्या आणि वास. ज्यांच्या दारात हे आहे त्यांना "निसर्गाचं देणं" वगैरे सांगू नये. त्यांचा त्रास खरा आहे आणि त्यांना मदत हवी आहे.

हंगामात करण्यासारखं इतकंच : झाडाच्या पसाऱ्याखाली, फांदीच्या टोकापासून मीटरभर बाहेरपर्यंत, दहा सेंटिमीटर जाडीचा पालापाचोळा किंवा भुसा अंथरा. दर दोन-तीन दिवसांनी वरचा थर दाताळ्याने ओढून खड्ड्यात टाका आणि नवा थर पसरा. विष्ठा ओल्या मातीवर पडली की वास मारते, कोरड्या भुशावर पडली तर निम्म्याहून कमी. हा माल नत्राने भरलेला असतो. ताजा टाकला तर रोपं करपतात, तीन-चार महिने कुजवून घातला तर चांगलं खत होतं. ये-जा करण्याच्या वाटेवर तीन मीटर उंचीवर उतारी शेडनेट बांधा. विहीर झाडाखाली असेल तर तिच्यावर आधी. खाली पडून मेलेली पिल्लं रोजच्या रोज दोन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा, नाहीतर कुत्र्यांना चटक लागते. जिवंत पिल्लू सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. त्याला भाकरी-दूध भरवू नका, ते मासे-किडे खाणारं आहे.

वसाहत मोकळी झाली की फांद्यांचं काम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, पण कॅलेंडर बघून नव्हे, झाड बघून ठरवा. सगळेच पाणपक्षी पावसाळ्यात वीण करत नाहीत. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करेबेळ्ळूरमध्ये चित्रबलाक आणि पेलिकन ऐन हिवाळ्या-उन्हाळ्यात घरांलगतच्या झाडांवर घरटी करतात. तिथे वनविभाग झाडमालकाला मोबदला देतो आणि गावकरी विष्ठेचं खत वापरतात. आपल्याकडे चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत आहेत, म्हणजे मालकीचं असलं तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अर्ज झाड पाडण्याचा करू नका, छपरावर, टाकीवर आणि वाटेवर आलेल्या फांद्या कमी करण्याचा करा. बगळा दुबेळक्यात, म्हणजे फांद्यांच्या बेचक्यात, घरटं ठेवतो. घरावरच्या बाजूचे दुबेळके काढले की वसाहत झाडाच्या दुसऱ्या बाजूला सरकते. एका वर्षात चौथ्या हिश्श्याहून जास्त फांद्या काढू नका. अख्खं झाड बोडकं केलं तर वसाहत पुढच्या जूनमध्ये तीन घरं सोडून चौथ्याच्या दारात जाते, आणि तक्रार तुमच्याकडे परत येते, फक्त अर्जदाराचं नाव बदलतं. गावतळ्याच्या बांधावरच्या बाभळी तेवढ्या राखल्या तर वसाहतीला सरकायला जागा राहते.

मोर, पोपट, साळुंक्यांबद्दल थोडक्यात. मोर चालत येतो, आणि पेरणीनंतरचे पहिले दहा-पंधरा दिवस धोक्याचे. परसातल्या वाफ्यांभोवती जुन्या साड्यांचा आडोसा आणि सकाळ-संध्याकाळची राखण पुरते. पेरू, डाळिंबाला फळपिशवी घाला. हुरड्यावर येणाऱ्या ज्वारीवर चमकती फीत उपयोगी पडते : अर्ध्या इंचाची, दोन-तीन पीळ देऊन, कणसांच्या फूटभर वर, तीन ते पाच मीटर अंतराने. दाणा दुधात आला की बांधायची, आधी नाही. तिचा धाक पंधरवडाभरच टिकतो. महिनाभर आधी बांधली तर भोरड्या (गुलाबी मैना) येईपर्यंत पोपट तिच्यावर बसू लागलेले असतात.

ज्या दोन गोष्टींना ठरावात नाव घेऊन बंदी हवी त्या विष आणि कार्बाइडची बंदूक.

दाण्याला कीटकनाशक चोळून टाकण्याची पद्धत अजून चालते. फोरेट, ज्याला सगळे थिमेट म्हणतात, ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, पण जुने डबे घरात आहेत. असा दाणा फक्त पारवा खात नाही. मोर खातो, शेजाऱ्याच्या कोंबड्या खातात, आणि मेलेला पारवा कुत्रा खातो. पंचायतीने जुने डबे गोळा करून सहायक कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने त्यांची विल्हेवाट लावली तर एका कामात दोन कामं होतील, कारण हे डबे घरात असणं माणसांसाठीही बरं नाही.

कार्बाइडची बंदूक म्हणजे पीव्हीसी पाइप, कॅल्शियम कार्बाइड, थोडं पाणी आणि लायटर. आत ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि पेट घेतो. ठिणगी लागूनही बार उडाला नाही की माणूस नळीत डोकावतो, आणि अपघात नेमका तिथेच होतो. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा बंदुकांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. पक्षी हाकलायचा उपाय म्हणूनही ती कुचकामी आहे : ठरावीक वेळी, एकाच जागेवरून आलेल्या आवाजाला पक्षी आठवड्या-दोन आठवड्यांत सरावतात. आवाजच करायचा तर जागा आणि वेळ बदलत राहायची, गोफण-माळ्यावरच्या राखणदारासारखी. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हेही लक्षात ठेवा. बेचकी आणि एअरगन यांना वेगळं काही लिहायला नको, ती शिकारच आहे.

बर्ड फ्लूचा मुद्दा या ठरावात का, असं कुणी विचारेल. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडू लागले. अशा वेळी लोक मेलेला कावळा शेपटीला धरून उकिरड्यावर टाकतात. एका जागी दोन-तीन वाढलेले पक्षी अचानक मेलेले दिसले तर हात लावायचा नाही, पुरायचेही नाहीत, कारण नमुना लागतो. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ वर कळवा. नमुना पुढे भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातो. अहवाल बाधित आला तर एक किलोमीटरचं क्षेत्र बाधित आणि दहा किलोमीटरचं निगराणीखाली येतं, म्हणजे गावातल्या प्रत्येक परसातल्या कोंबडीचा प्रश्न होतो. या काळात "पक्षी हाकला" मोहीम काढली तर आजारी थवा शेजारच्या गावी पोचतो.

एवढं सगळं लक्षात घेऊन ठरावाचा मसुदा असा करता येईल. तसाच्या तसा घ्यावा असं नाही, पण शब्द नेमके ठेवावेत :

"गावात कोणत्याही वन्य पक्ष्याला मारणे, पकडणे, विषारी दाणा टाकणे, अंडी वा पिल्ले असलेले घरटे हलवणे यास ग्रामपंचायत कोणतीही परवानगी देत नाही. कार्बाइडच्या बंदुकीचा वापर गावठाणात बंद राहील. गिरणी, खळे व पशुखाद्य दुकानासमोर सांडलेले धान्य त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी उचलण्याची जबाबदारी मालकाची राहील. सार्वजनिक टाक्यांची झाकणे व विहिरीवरील जाळी ३१ जानेवारीपर्यंत पूर्ण करण्यात यावी. शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर व ग्रामपंचायत कार्यालयाच्या इमारतींतील रिकामी भोके पाहणी करून जाळीने बुजवावीत. घरट्यांच्या वसाहती असलेल्या झाडांची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत करावी व अशा झाडांच्या फांद्यांबाबतचे अर्ज वसाहत रिकामी झाल्यानंतरच, जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या स्थळपाहणीसह पुढे पाठवावेत."

'कायमस्वरूपी बंदोबस्त' हे दोन शब्द यात कुठेही येऊ देऊ नका. आणि दंड ठेवायचाच झाला तर तो सांडलेल्या धान्यावर आणि कचऱ्यावर ठेवा, ज्याच्या झाडावर बगळे बसले त्याच्यावर नको.

तारखेचं एवढंच. हा विषय १ मेच्या ग्रामसभेत घेतला तर कावळ्याची घरटी भरलेली असतात आणि बगळे महिन्यावर आलेले असतात, त्या वर्षी हाती काही लागत नाही. १५ ऑगस्टला चिंचेवर पिल्लं असतात. २ ऑक्टोबरच्या सभेत घ्या, म्हणजे फांद्यांचा अर्ज नोव्हेंबरात जाईल, जाळीचं काम थंडीत होईल आणि महावितरणचं पत्र फेब्रुवारीच्या आत पोचेल. २६ जानेवारीला काय झालं, काय राहिलं ते सभेत वाचून दाखवा. ठरावाची एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि एक पशुधन विकास अधिकाऱ्यांना पाठवा आणि पोचेची सही घेऊन ठेवा.

कळावे,
आपले,
पक्षी, शेती आणि गावाकडची घरं यांच्याशी रोजचा संबंध असलेले आम्ही काहीजण